असुरक्षितता मोजायची कशी? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की वस्तीतले कार्यकर्ते, सोसायट्यांचे सेक्रेटरी, भूगोलाचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी आणि मधूनच एखादा पत्रकार साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं लिहून ठेवली तर सगळ्यांचाच वेळ वाचेल, म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या.

नैसर्गिक धोका आणि असुरक्षितता एकच ना?

नाही. धोका म्हणजे पाऊस, पूर, भूकंप, दरड, उष्णतेची लाट. त्या धोक्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, ही दुसरी गोष्ट. असुरक्षितता तिसरी: वाटेत असलेल्यांपैकी कुणाला किती लागणार आणि लागल्यावर कोण किती दिवसांत उभं राहणार. या तिन्ही मिळून जोखीम ठरते. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात हीच मांडणी घेतली. तिच्याच २००७ च्या अहवालात मात्र 'वाटेत असणं' हा असुरक्षिततेचाच एक भाग धरला होता. त्यामुळे जुना शोधनिबंध हाती आला तर आधी त्याची व्याख्या बघा, आकडे नंतर. दोन व्याख्यांचे निर्देशांक, म्हणजे अनेक खुणा मिळून काढलेले एकत्रित आकडे, शेजारी ठेवून तुलना करणारे प्रबंध आम्ही बरेच पाहिले आहेत.

एकाच इमारतीच्या तळमजल्यावरची दोन घरं घ्या. दोन्हींत कमरेएवढं पाणी शिरलं. एका घरात पगारदार माणूस, गाडीचा विमा, गावाकडे भावाचं घर. दुसऱ्यात भाडेकरार न करता राहणारी बाई, तिचं पिको-फॉलचं मशीन आणि दोन मुलं. धोका तोच, वाटेत असणंही तेच. महिन्याभराने मात्र दोन्ही घरांची गत एकसारखी नसते. मोजायचा आहे तो हा फरक.

भूकंप जेवढा मोठा तेवढी हानी मोठी, इतका साधा हिशेब नाही का?

२०१० सालची दोन उदाहरणं बघा. जानेवारीत हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. माणसं किती गेली यावर अजून वाद आहे, पण आकडा लाखाच्या घरातला आहे. फेब्रुवारीत चिलीत ८.८ तीव्रतेचा झाला, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा शेकडो पटींनी जास्त. तिथे सुमारे सव्वापाचशे माणसं गेली. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम होते आणि ते बऱ्यापैकी पाळले जात होते.

आपल्याकडचं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. ६.२ च्या आसपासचा हा भूकंप जगाच्या हिशेबात मध्यम ठरतो, पण त्यात दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गारवा देणारं ते घरच अंगावर आलं.

प्रत्यक्ष मोजतात कसं?

आधी निर्देशक निवडायचे, म्हणजे मोजता येतील अशा खुणा. उदाहरणार्थ, एकटे राहणारे ज्येष्ठ, भाडेकरू, पत्र्याचं छप्पर, रोजंदारी, अपंगत्व, गल्लीतून बाहेर पडायला किती वाटा आहेत. मग त्या एका मापात आणायच्या. टक्के, रुपये आणि मीटर यांची थेट बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक निर्देशक ० ते १ मध्ये बसवतात: आपल्या आकड्यातून सगळ्यांतला लहान आकडा वजा करायचा आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतल्या फरकाने भागायचं.

समजायला तीन वस्त्या घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. भाडेकरू कुटुंबं अ मध्ये २० टक्के, ब मध्ये ३५, क मध्ये ६०. मापात आणल्यावर ०, ०.३७५ आणि १. पत्र्याची घरं ५, १० आणि ४५ टक्के, म्हणजे ०, ०.१२५ आणि १. ज्येष्ठ व्यक्ती एकटी राहते अशी घरं १२, ४ आणि ६ टक्के, म्हणजे १, ० आणि ०.२५. तिन्हींची सरासरी काढली की अ ला ०.३३, ब ला ०.१७ आणि क ला ०.७५. क सर्वांत असुरक्षित. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसते.

आता समजा, आपल्याला पूर नव्हे, उष्णतेची लाट मोजायची आहे. एकट्या ज्येष्ठांना चौपट वजन, म्हणजे बेरजेत चौपट महत्त्व, देऊ. अ होतो ०.६७ आणि क उरतो ०.५. क्रम उलटला. वस्त्या त्याच आणि आकडेही तेच, बदलला तो फक्त आपण विचारलेला प्रश्न. आणि हे वजन काही हवेतून आणलेलं नाही. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. मुलं परदेशात आणि आईवडील कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, हे चित्र पुण्याला नवं नाही. त्या घराला गरीब कुणी म्हणणार नाही, पण मे महिन्यात दोन दिवस दार उघडलं नाही तर चौकशी करणारं कुणी आहे का, हा प्रश्न तिथे उरतोच.

आणखी एक खाच आहे. ० म्हणजे 'सुरक्षित' नव्हे, 'तुलनेतल्या सर्वांत कमी'. ब मध्येही चार टक्के घरांत ज्येष्ठ एकटे आहेत, तरी तिथे शून्य लागलं. यादीत चौथी वस्ती घातली तर तिघींचे आकडे बदलू शकतात. म्हणून गेल्या वर्षीचा ०.४ आणि यंदाचा ०.३ दाखवून 'सुधारणा झाली' म्हणणाऱ्याला विचारा: लहान-मोठे आकडे तेच ठेवले होते का?

वजनं कोण ठरवतं?

जो निर्देशांक बनवतो तो. 'आम्ही सगळ्यांना समान वजन दिलं, म्हणजे पक्षपात नाही' असं अनेक जण सांगतात, पण समान वजन हाही निर्णयच असतो.

वजनाच्या वादातून सुटायला संख्याशास्त्राचा आधार घेतात. अमेरिकेत सुझन कटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिथल्या काउंट्यांसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांसाठी, सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला. त्यांनी ४२ चलं, म्हणजे जागेगणिक बदलणारे निर्देशक, घेतली, एकमेकांशी जुळणारी एकत्र बांधून त्यांचे ११ घटक केले आणि त्या घटकांनी काउंट्यांमधल्या फरकाचा सुमारे ७६ टक्के भाग टिपला. पुढचं बरंचसं काम याच वाटेने गेलं. पण ती चलं तिथल्या समाजाची आहेत. तिथे वंश आणि चाकांवरची घरं महत्त्वाची; इथे जात, घराचा कागद आणि पाण्याचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते. पद्धत जरूर घ्यावी. यादी जशीच्या तशी उचलली की पुण्याच्या नकाशावर अमेरिकेची काळजी उमटते.

शिवाय यंत्राने शोधलेला घटक म्हणजे 'एकत्र बदलणाऱ्या गोष्टी'. त्याने माणसं मरतात की नाही, हे यंत्राला ठाऊक नसतं.

सरासरी काढायची की गुणाकार?

सरासरीत एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूने भरून निघते: घर पक्कं असलं की सूचना न मिळाल्याचा दोष झाकला जातो. प्रत्यक्षात तसं होत नाही. मानव विकास निर्देशांकाने याच कारणाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तरी मध्य घेतला, म्हणजे आकड्यांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ काढलं. तुमच्या वस्तीचा हिशेब दोन्ही पद्धतींनी करून बघा. क्रम फार बदलत असेल तर तो छापण्याची घाई नको.

महाराष्ट्र 'कमी असुरक्षित' राज्यांत आहे असं वाचलं. मग काळजी कशाची?

बरोबर वाचलंत. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हवामान असुरक्षिततेच्या अहवालात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल आणि पश्चिम बंगाल वरच्या गटात आहेत, महाराष्ट्र खालच्या. पण ती राज्याराज्यांतली तुलना आहे. तिचा उपयोग केंद्राचा निधी कुठे जावा हे ठरवायला. तुमच्या गल्लीबद्दल ती काहीच सांगत नाही.

याच 'कमी असुरक्षित' राज्यात, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गाडली गेली. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून १५ जण गेले. बांधकामावरचे हे मजूर परप्रांतातून आलेले. त्यांचं रेशनकार्ड गावाकडे आणि मतदारयादीतलं नावही गावाकडेच. अशी माणसं पुण्याच्या कोणत्या निर्देशकात येणार? साइट बदलली की पत्ता बदलतो. निर्देशांकात जे दिसत नाहीत त्यांची असुरक्षितता कागदावर शून्य भरते, आणि ही चूक वजनं बदलून सुटत नाही.

पुण्यासाठी पुराचा एकच निर्देशांक चालणार नाही का?

आमच्या मते नाही. पुण्यात निदान दोन वेगळे पूर आहेत.

मुठेचा पूर धरणातून येतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि त्यांच्याखाली खडकवासला. विसर्ग, म्हणजे धरणातून सोडायचं पाणी, किती क्युसेकने (सेकंदाला किती घनफूट) वाढवणार, याची सूचना निघते, टीव्हीवर पट्टी फिरते, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो घरोघर पोहोचतात. हाताशी थोडा तरी वेळ असतो. इथे प्रश्न सूचना वेळेत आणि समजेल अशी पोहोचते का, हा आहे. '३५ हजार क्युसेक' ऐकून तळमजल्यावरच्या आजींनी काय करायचं? त्यांना हवं असतं ते 'पाणी तुमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येईल' असं वाक्य. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही मुख्य तक्रार आधी सांगितलं नाही, हीच होती. त्याच दिवशी डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघं गेले. म्हणजे तिथे जीव घेतला तो पाण्याखाली गेलेल्या विजेने.

आंबिल ओढ्याचा पूर वेगळा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग कोसळल्यासारखा पाऊस झाला आणि ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी ते दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत हाहाकार माजवला. तिथे धरण नाही, त्यामुळे विसर्गाची सूचनाही नाही. हातात मिनिटं असतात, तीही रात्रीची. भिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले. अशा पुरात उत्पन्नापेक्षा झोपायची जागा जमिनीपासून किती उंचावर आहे, हे जास्त मोलाचं. पोटमाळा आहे का? दार आत उघडतं की बाहेर? बाहेर पाणी तुंबलं की बाहेर उघडणारं दार आतून ढकलता येत नाही.

या दोन पुरांचे निर्देशक एकाच टोपलीत घातले तर येणारा आकडा दोन्हींपैकी कशाचाच नसतो.

निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहेच. तेवढी पुरत नाही?

पूररेषा धोका सांगते, असुरक्षितता नाही. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून लोक निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ, दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुराची पंचवीस वर्षांतली शक्यता ६४ टक्के. हे गणितही पूर्वीच्या नोंदींवर उभं आहे. पाऊस बदलला, पात्रात भराव पडला, की रेषा जागची हलायला हवी.

आकडेवारी कुठली वापरायची? जनगणना तर जुनी झाली.

२०११ ची. आणि ती वापरताना हात थरथरायला हवा. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. तेव्हाची शेतं आज दहा मजल्यांची आहेत. पुढची जनगणना २०२७ ची. तोपर्यंत अंगणवाडीच्या नोंदी, रेशन दुकानांच्या याद्या, उपग्रहचित्रांतली छपरं आणि स्वतः केलेली पाहणी यांची जोड द्या. जुन्या आकड्यांवरचा नकाशा छापलात तर साल ठळक अक्षरांत टाका.

वस्तीत पाहणी करायची आहे. काय विचारायचं?

'महिन्याचं उत्पन्न किती?' हा प्रश्न सोडा. खरं उत्तर कुणी देत नाही आणि पुढच्या प्रश्नांनाही माणूस आखडून बसतो. त्याऐवजी हे विचारून पाहा.

आज रात्री पाणी आलं तर कुणाकडे जाल? 'नातेवाईक आहेत की' हे उत्तर लिहू नका. नाव विचारा, पत्ता विचारा. नाव पटकन आलं नाही तर तेच उत्तर समजा.

कागदपत्रं कुठे असतात? पलंगाखालच्या पेटीत की वर फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत? पंचनाम्याच्या वेळी आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक मागतात. कागद भिजला की मदतही लांबते. भाडेकरार नसेल तर त्याहून लांबते, कारण घरमालक म्हणतो 'इथे कुणी राहतच नव्हतं'.

घरात उचलून न्यावं लागेल असं कुणी आहे का? उचलणारा रात्री घरी असतो की कामावर? रात्रपाळीचा वॉचमन, रिक्षावाला, हॉटेलातला पोऱ्या यांच्या घरी रात्री फक्त बायका-मुलं असतात. शिरगणतीत मात्र घरात धडधाकट पुरुष 'आहे' अशीच नोंद होते.

विजेचा मीटर जमिनीपासून किती वर आहे, ते विचारू नका. टेप लावून मोजा.

धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारच्या मधे घरी सापडतात. सकाळी दहाला गेलात तर सगळी उत्तरं सासऱ्यांची मिळतील. आणि एक अट आमच्याकडून: कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण एकटं राहतं, ही यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. ती दोन-तीन विश्वासू माणसांकडे कागदावर राहू द्या. चोरांनाही ती उपयोगी असते.

पानशेतच्या वेळी कुठे निर्देशांक होता? तरी शहर उभं राहिलंच की.

शहर उभं राहिलं, पण शहरातले सगळे एका वेगाने उभे राहिले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर असे नवे भाग उभे राहिले. कुणी सहकारी संस्था करून प्लॉटवर बंगला बांधला, कुणी निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या घरात, संसार थाटला. एकाच पुरातून निघालेल्या लोकांच्या पुढच्या वाटा अशा फुटल्या. किती घरं पडली याचीच मोजदाद झाली तर हा फरक कधीच दिसत नाही.

त्यातही मुठेपासून दूर नेलेलं सहकारनगर आंबिल ओढ्याच्या शेजारी आहे. २०१९ च्या रात्री याच परिसरात पाणी शिरलं.

निर्देशांक बरोबर आहे हे तपासायचं कसं?

हा या विषयातला सर्वांत दुबळा भाग आहे. पुढच्या आपत्तीत निर्देशांकाने सांगितलेल्या ठिकाणी जास्त हानी झाली का, हे बघणं सरळ वाटतं. पण मृत्यू सुदैवाने थोडे असतात, त्यामुळे त्यांच्यावरून हिशेब लागत नाही. रुपयांत मोजलं तर बंगल्यातली बुडालेली मोटार झोपडीतल्या अख्ख्या संसाराहून 'मोठी हानी' ठरते. आम्ही सुचवतो ते असं: किती दिवसांनी घरी परतले, किती दिवस रोजगार बुडाला, कर्ज किती टक्क्यांनी काढलं, मुलांची शाळा सुटली का. हे कळायला वर्षभराने त्याच घरी पुन्हा जावं लागतं, आणि तोवर प्रकल्पाचा निधी सहसा संपलेला असतो.

दुसरी गोष्ट ओडिशाची. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. चौदा वर्षांत ओडिशातली गरिबी एवढी कमी झाली नव्हती. सुधारली होती ती सूचना, निवारे आणि गावोगावी घर रिकामं करायला लावणारी माणसं. उत्पन्न, साक्षरता, घराचा प्रकार असे सावकाश हलणारे निर्देशकच घेतले तर ही सुधारणा आकड्यात उमटतच नाही. वस्तीत सूचना कोण देतं आणि तिच्यावर विश्वास बसतो का, यासाठी एक तरी निर्देशक ठेवाच.

'असुरक्षित वस्ती' असा शिक्का बसला तर वस्ती उठवायला निमित्त मिळणार नाही?

मिळू शकतं, ही भीती खोटी नाही. म्हणून नकाशा आधी वस्तीला दाखवावा आणि त्यात फक्त घरं रंगवू नयेत. अरुंद केलेला नाला, राडारोडा टाकून भरलेलं पात्र, न झालेली गटारसफाई हेही त्याच नकाशावर यायला हवं. असुरक्षितता माणसांच्या अंगची असते असं दाखवणारा नकाशा अर्धवट आहे.

पुण्यात माहिती मागायची कुठे?

पावसाच्या नोंदी शिवाजीनगरच्या हवामान खात्याकडे. मोसमी पावसाच्या संशोधनासाठी पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. नदी आणि धरणांच्या जलविज्ञानासाठी १९१६ पासून चालू असलेलं खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र. विसर्ग आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे. प्रशिक्षणासाठी यशदा, म्हणजे राज्य सरकारची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्यात कोणता भाग कोणत्या आपत्तीला असुरक्षित आहे, हे नमूद असावंच लागतं. तो आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयात मागा.

अर्ज करताना नुसता प्रभाग क्रमांक लिहू नका, गल्लीचं आणि जवळच्या ओढ्याचं नाव लिहा. प्रभागांच्या हद्दी निवडणुकीगणिक बदलतात, आणि जुन्या क्रमांकावरची माहिती भलत्याच भागाची हातात पडते.